एकाच डिस्कवर दोन-तीन फाइल सिस्टीम : उबंटूत माउंट कशी करायची?

विश्रामबाग_सांगली
लग्नाच्या, स्टुडिओच्या जुन्या डिस्क हार्ड डिस्कवर उतरवायच्या आहेत. ड्राइव्ह /डेव्ह/एसआर० म्हणून दिसतो. एक डीव्हीडी 'माउंट -टी आयएसओ९६६०' दिल्यावर (म्हणजे सीडीची नेहमीची फाइल सिस्टीम, फायली मांडायची पद्धत, धरून जोडल्यावर) उघडते, पण आत नुसती रीडमी फाइल. डेटा सीडीवर फायलींच्या मराठी नावांजागी प्रश्नचिन्हं. आणि व्हीसीडीवरच्या (व्हिडिओ सीडी) फायली दिसतात, कॉपी करायला घेतलं की इनपुट/आउटपुट एरर. काही डिस्कना २०१९ च्या पुराचं पाणी लागलंय.

कोरेगावकर
कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमध्ये इंग्रजी अक्षरांत टाका.

माउंट करण्याआधी डिस्कवर काय काय आहे ते बघून घ्या : 'आयएसओइन्फो -डी -आय /डेव्ह/एसआर०'. रॉक रिज आणि जोलिएट (आयएसओ ९६६० ला लांब नावांसाठी दिलेल्या दोन जोडण्या) आहेत की नाहीत ते त्यात कळतं.

तुमच्या डीव्हीडीचा खरा डेटा यूडीएफ या दुसऱ्या फाइल सिस्टीममध्ये आहे. ती रीडमी म्हणजे यूडीएफ न वाचणाऱ्या मशीनसाठी ठेवलेली पाटी. तुम्ही आयएसओ ९६६० ही फाइल सिस्टीम ठरवून दिलीत म्हणून तेवढीच दिसली. 'माउंट -टी यूडीएफ -ओ आरओ /डेव्ह/एसआर० /एमएनटी' करा.

नावांचं कारण वेगळं. लिनक्स आधी रॉक रिज घेतं, ते नसेल तर जोलिएट. जोलिएटमध्ये नावं युनिकोडमध्ये असतात, पण हातानं माउंट करताना '-ओ आरओ,आयओचारसेट=यूटीएफ८' दिलं नाही तर देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. दोन्ही असतील आणि रॉक रिजची नावंच बिघडलेली असतील तर सोबत 'नोरॉक' जोडा. जोलिएटमध्ये नाव ६४ अक्षरांपर्यंतच, त्यामुळे लांब नावं तुटलेली दिसली तर ती लिहितानाच तुटलीत.

मिरज_जंक्शन
व्हीसीडीत फाइल सिस्टीमचा दोष नाही, माउंटचा नाद सोडा. पहिल्या ट्रॅकवर छोटी आयएसओ ९६६० असते, म्हणून एमपीईजीएव्ही फोल्डरमध्ये एव्हीसेक०१.डॅट दिसते. व्हिडिओ मात्र दुसऱ्या ट्रॅकपासून, आणि तिथल्या सेक्टरमध्ये (डिस्कवरच्या एकेका तुकड्यात) २०४८ ऐवजी २३२४ बाइट डेटा असतो. चूक दुरुस्त करणारे बाइट काढून ती जागा व्हिडिओला दिलेली. कर्नल (लिनक्सचा गाभा) २०४८ चा सेक्टर मागतो, ड्राइव्ह देत नाही, म्हणून एरर. व्हीसीडीइमेजर पॅकेज टाका आणि 'व्हीसीडीएक्सरिप --सीडीरॉम-डिव्हाइस=/डेव्ह/एसआर०' चालवा, एमपीजी फाइल निघेल. ऑडिओ सीडीवर तर फाइल सिस्टीमच नसते, तिची गाणी उतरवायला सीडीपॅरानोया हा प्रोग्राम वापरा.

पुराच्या डिस्क कोरड्या फडक्यानं अजिबात पुसू नका, गाळाचे कण चरे पाडतात. साध्या पाण्याखाली धुवा, मग मऊ कापडानं मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवलं तर चरा ट्रॅकच्याच दिशेनं पडतो आणि एका ओळीत बरेच सेक्टर जातात. सीडी पाण्यात भिजत ठेवू नका, लेबलखालचा चकाकता थर पातळ लॅकरखालीच असतो. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मध्ये असल्यानं जास्त तगतो.

विश्रामबाग_सांगली
डीव्हीडी यूडीएफनं उघडली, नावंही आली. एका डेटा सीडीवर मात्र निम्मेच फोटो दिसतात, आणि एक डिस्क मध्येच अडकते.

कोरेगावकर
निम्मे फोटो म्हणजे मल्टिसेशन सीडी, वेगवेगळ्या वेळी (सेशनमध्ये) लिहिलेली. माउंट शेवटचं सेशन धरतं. लिहिताना आधीचं सेशन जोडलं नसेल तर जुन्या फायली लपतात. '-ओ आरओ,सेशन=१' नं पहिलं उघडा.

अडकणाऱ्या डिस्कची आधी इमेज (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल) काढा : 'डीडीरेस्क्यू -एन -बी २०४८ /डेव्ह/एसआर० डिस्क.आयएसओ डिस्क.मॅप', मग त्याच मॅपवर '-एन' काढून '-डी -आर३'. मॅप फाइल (कोणते सेक्टर वाचले, कोणते राहिले याची नोंद) जपून ठेवा. ती असली की दुसऱ्या ड्राइव्हमध्ये डिस्क घालून राहिलेलेच सेक्टर वाचता येतात, आणि एका ड्राइव्हला न वाचलेला भाग दुसरा पुष्कळदा वाचतो. इमेज '-ओ लूप,आरओ' नं माउंट होते.