घारापुरी सहल: दिवस कोणता धरायचा?

सेक्रेटरी: मंडळी, आपल्या सोसायटीची सहल मुंबईजवळच्या घारापुरी बेटावरची लेणी पाहायला, हे नक्की. २६ जण झाले. रविवारची गर्दी नको, सोमवार धरू का?

ए-२०३: भाऊ, सोमवार नको. लेणी त्या दिवशी बंद असतात, आपल्या अजिंठ्यासारखीच. बुधवारही सोडा. ज्या दगडी हत्तीमुळे पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे, आणि ते बुधवारी बंद. १८६४ साली इंग्लंडला न्यायला उचलताना तो पडून फुटला, मग तुकडे जोडून उभा केला. एवढं जाऊन तो चुकवू नका. गुरुवार धरा.

बी-१०१: रेल्वेच्या एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणजे पाच तिकिटं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. गाडी जळगावला रात्री बारानंतर येत असेल तर बुधवारी रात्री स्टेशनवर जायचं, पण तिकिटावर तारीख गुरुवारची हवी. घोळ होतो तो इथेच. सीएसएमटीच्या क्लोकरूमला कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, पिशव्या-थैल्या नकोत.

सी-३०४ वहिनी: सासूबाईंचे गुडघे दुखतात. जमेल का?

ए-२०३: जमेल वहिनी. बेटावर गाड्या नाहीत, पण धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी रेल्वे आहे. पुढे सुमारे १२० पायऱ्या, दोन्ही बाजूंनी दुकानं, वर ताडपत्रीची सावली. डोली मिळते; जाण्या-येण्याचा भाव बसण्याआधीच ठरवा. खरी काळजी बोटीत चढताना घ्या. गेटवेला बोटी एकमेकींना लागून उभ्या असतात, एकीतून दुसरीत पाय टाकावा लागतो. सपाट, न घसरणाऱ्या चपला घाला आणि खलाशाचा हात धरा. लाइफ जॅकेट नुसतं मांडीवर ठेवायचं नाही, अंगात घालून बंद आवळायचे. मळमळत असेल तर खालच्या मजल्यावर मधोमध बसा.

डी-१०२: दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊ ना सगळ्यांसाठी?

बी-१०१: घ्या ताई, पण बोटीतच खा. वर माकडं हातातली प्लास्टिकची पिशवी, बाटलीसुद्धा ओढतात. चेनची सॅक पाठीवर नको, पोटाशी धरा.

सी-४०१: अजिंठा तर कितीदा पाहिलाय. इथे वेगळं काय?

ए-२०३: तिथे बौद्ध चित्रं, इथे शैव शिल्पं. पहिल्याच लेण्यात तीन मुखांचा सदाशिव आहे, त्याच्यासमोर निवांत थांबा. आपल्या डाव्या हाताचं मुख उग्र, मिशा असलेलं. उजवीकडचं सौम्य, हातात कमळ. मधलं डोळे मिटलेलं, शांत. लगेच डावीकडे अर्धनारीश्वर, उजवीकडे गंगाधर. आधी फोटो काढत सुटलं की हे राहून जातं. १९८७ पासून हा जागतिक वारसा आहे.

सेक्रेटरी: मग वेळा?

बी-१०१: नऊच्या सुमाराची पहिली बोट, प्रवास तासभर. परतीचं तिकीट जपा. बेटावर मुक्काम करता येत नाही. दीडच्या आसपास परतीची बोट धरली तर चारच्या आत भायखळा होतं. सीएसएमटीहून लोकलने तिसरं स्टेशन.

सेक्रेटरी: गुरुवार पक्का. आधारप्रमाणे नाव आणि वय आज रात्रीपर्यंत टाका.