पाढे आधी की विचार आधी?

आकडेमोड
पुण्यातल्या पालकसभांमध्ये हल्ली एकच सूर ऐकू येतो: घोकंपट्टी बंद करा, मुलांना विचार करायला शिकवा. मला हे धोक्याचं वाटतं. 456 ला 7 ने भागायचंय. 'सात सक बेचाळीस' आपसूक आठवलं नाही, तर मूल समासात 7, 14, 21 मांडत बसतं. तेवढ्यात 45 मधून 42 गेले, 3 उरले, आता 6 खाली घ्यायचा, हे सगळं विसरून जातं. डोकं पाढ्यातच अडकलं तर विचार कशाने करणार? शिष्यवृत्तीच्या एका पेपरात 75 प्रश्न आणि 90 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 72 सेकंद. चौथी संपेपर्यंत दहापर्यंतचे पाढे तोंडपाठ हवेतच.

चिंचोका
तोंडपाठ म्हणजे नक्की काय? सुरात पाढा म्हणणारं मूल मधेच 'सात आठे?' विचारलं की पुन्हा 'सात एके सात'पासून सुरू करतं. तुमच्या भागाकारात तेही तसंच अडेल.

आठ-आठ चिंचोक्यांच्या सात ओळी मांडा. पाचव्या ओळीखाली पट्टी ठेवा: वर 40, खाली 16, मिळून 56. मग वही फिरवून बाजूने बघायला सांगा, सात-सातच्या आठ ओळी दिसतात. हे एकदा पटलं की 2 ते 9 च्या पाढ्यांत पाठ करायचे वेगळे गुणाकार फक्त 36 राहतात. एवढं ओझं हलकं होत असेल तर समज आधीच हवी.

आकडेमोड
मांडणी दुसरीत जरूर करा. पण पाचवीतही मूल 40 अधिक 16 करत असेल तर ती समज अर्धीच राहिली.

दप्तर
दोघेही भाषेकडे बघत नाही आहात. 'तेवीस' ऐकताना आधी तीन कानावर पडतो, मग वीस. म्हणून मूल 32 लिहितं. 'एकोणतीस' तर तिसातून एक वजा करायला लावतं, आणि मूल 39 लिहून मोकळं होतं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस तीन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! माझ्या मते ती सोय योग्यच होती. जुनी नावं पुसायची नाहीत, पण दशक-एकक पक्कं होईपर्यंत दोन्ही शेजारी ठेवावीत. इथे घोटाळा राहिला की पुढे पाढेही चुकीचे लिहिले जातात, आणि आपण म्हणतो पाठांतर कच्चं.

चिंचोका
अगदी. वजाबाकीतही तेच. 52 − 27 चं उत्तर 35 येतं, कारण मूल 'मोठ्यातून लहान' एवढंच शिकलेलं असतं: 7 मधून 2 गेले 5, 5 मधून 2 गेले 3. अशी आणखी वीस उदाहरणं दिलीत तर तीच चूक वीसदा गिरवली जाईल. त्याऐवजी 35 आणि 27 ची बेरीज करायला सांगा. 62 आले की मूल स्वतःच थबकतं. दशकाची एक जुडी सोडून 10 काड्या सुट्या करायची वेळ तेव्हा येते, आधी नाही.

शाब्दिक उदाहरणात तर सरावच घात करतो. 'मीनाकडे 12 पेरू आहेत, ते राजूपेक्षा 5 जास्त आहेत. राजूकडे किती?' 'जास्त' दिसलं की बेरीज, असं शिकवलेलं मूल 17 लिहितं.

आकडेमोड
पेरूंचं उदाहरण मान्य, खुणेच्या शब्दांवर शिकवणं बंदच व्हायला हवं. वजाबाकीचा ताळा हाही सवयीचाच भाग व्हावा, प्रत्येक वेळी. पण ताळा करताना 8 आणि 7 ची बेरीज बोटांवर होत असेल तर तो ताळाही चुकतो, आणि बरोबर उत्तर मूल खोडून टाकतं. म्हणून रोजची 10 मिनिटं मी सोडणार नाही. सुरात मात्र नको. 36 गुणाकारांच्या चिठ्ठ्या करा, उलटसुलट विचारा. तीन सेकंदांत आलेली चिठ्ठी उजवीकडे, अडलेली डावीकडे. दुसऱ्या दिवशी सुरुवात डावीकडच्या गठ्ठ्याने, आणि चिंचोके काढायचे ते फक्त त्या गठ्ठ्यासाठी.

चिंचोका
फक्त त्या गठ्ठ्यासाठी नाही. उजवीकडच्या दोन चिठ्ठ्याही रोज मांडून दाखवायला सांगा. पाठ आलंय पण कळलेलं नाही, ते तिथेच सापडतं.