मदत हवी आहे: गुडघा पूर्ण बदलायचा, अर्धा, की हाड कापून पाय सरळ करायचा?

सह्यवेडी:
आईचा उजवा गुडघा पार गेलाय. जिना उतरताना कठडा सुटत नाही, रात्री कूस बदलली की कळ येते. एक डॉक्टर म्हणतात पूर्ण बदला, दुसरे म्हणतात आतल्या बाजूचाच बदलू, तिसरे म्हणतात हाड कापून पाय सरळ करू. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. कुणाचं ऐकू? तेल, लेप, गोळ्या सांगू नका, सगळं झालंय.

पिंपळपार:
वय? शुगर? एक्स-रे उभं राहून काढलाय का? झोपवून काढला तर सांध्यातली फट खरी किती उरलीय ते कळत नाही.

सातारकर_काका:
आमच्या हिने दोन्ही बदलले, आता वारीत दिवेघाट चढते. पूर्णच करा. अर्धवट कामं नकोत.

पिंपळपार:
काका, सरसकट असं नको. झीज फक्त आतल्या बाजूला असेल, लिगामेंट (हाडं एकमेकांना धरून ठेवणारे पट्टे) शाबूत असतील तर अर्ध्यावर भागतं. हाड कमी कापतात, माणूस लवकर हिंडूफिरू लागतो. पण पुढे पुन्हा ऑपरेशन लागण्याचा धोका त्यात जास्त. २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आकडे आले होते: २५ वर्षं टिकलेले पूर्ण सांधे साधारण ८२ टक्के, अर्धे ७० टक्के.

निशिगंध:
दुर्बिणीतून सांधा धुऊन घ्या की! माझ्या खांद्याला फार फरक पडला.

पिंपळपार:
खांद्याचं वेगळं, ताई. गुडघ्याच्या झिजेवर त्याचा उपयोग नाही. अमेरिकेत काहींना नुसते छेद देऊन टाके घातले, सांधा धुतलाच नाही. त्यांनाही तेवढाच आराम पडला. २००२ मध्येच छापून आलंय.

सह्यवेडी:
वय ६६, शुगर आहे. एक्स-रे झोपवून काढलेला. खर्चाचं कुणी सांगेल का?

सातारकर_काका:
२०१७ पासून सरकारने सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातलीय. बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. आणि घरी कमोड आधीच बसवा.

पिंपळपार:
शुगर आहे तर आधी एचबीए१सी करा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी. शुगर आटोक्यात नसताना ऑपरेशन केलं तर जंतुसंसर्गाची भीती. हाड कापून पाय सरळ करणं बहुधा साठीच्या आतल्या, धावपळीची कामं करणाऱ्यांसाठी असतं. आईंसाठी ते का सुचवलं, हे त्या डॉक्टरांना नक्की विचारा. गुडघा पूर्ण सरळ होतो का त्यांचा? अर्ध्यावर भागेल का, ते त्यावरही ठरतं.

सह्यवेडी:
नाही होत. उद्या उभ्याने एक्स-रे काढून घेते. शुक्रवारची तारीख पुढे ढकलतेय.