रूसोची चित्रं: जंगल, अरण्य की रान?

प्रश्न: फ्रेंच चित्रकार आंरी रूसोच्या 'स्वप्न' (१९१०) या चित्रावर टिपण लिहिते आहे. सोफ्यावर निर्वस्त्र पहुडलेली यादविगा, भोवती प्रचंड कमळं, पानांआडून डोळे वटारणारे दोन सिंह, हत्ती, माकडं, पक्षी आणि सावलीत उभा एक वादक. उत्तर-दृक्प्रत्ययवादाच्या (पोस्ट-इम्प्रेशनिझमच्या) काळातल्या या माणसाच्या अशा चित्रांना इंग्रजीत 'जंगल पेंटिंग्ज' म्हणतात. मराठीत काय म्हणावं? अरण्यचित्रं, वनचित्रं, रानचित्रं?

प्रतिसाद: 'वन' नको. वनखातं, वनरक्षक, वनीकरण असं सगळं सरकारी आठवतं. 'अरण्य' म्हटलं की दंडकारण्य आणि ऋषी. तिथे सोफा कुठे ठेवणार?

प्रतिसाद: मग जंगलच ठेवा. मूळ संस्कृत 'जांगल' म्हणजे कोरडा, कमी पाण्याचा, विरळ झाडीचा मुलूख. आयुर्वेदात जांगल, आनूप आणि साधारण असे देशाचे प्रकार सांगितलेत. ओलसर आणि गर्द तो आनूप. म्हणजे वैद्यांच्या हिशेबाने रूसोचं चित्र चक्क आनूप! पुढे देशी भाषांत 'जंगल' दाट झालं, इंग्रजीत गेलं आणि तिथून फ्रेंचमध्ये. आपल्याकडूनच गेलेला शब्द परत घ्यायला लाज कसली?

प्रतिसाद: माझं मत रानाला. 'रान' आलं अरण्यावरूनच, पण माणसाळलं. देशावर 'रानात गेलाय' म्हणजे शेतात गेलाय, आणि पावसाळ्यात परसातसुद्धा रान माजतं. रूसोने फ्रान्स कधी सोडला नाही. पानं पाहिली ती पॅरिसच्या जार्दां दे प्लांत या वनस्पती उद्यानातल्या काचघरांत, प्राणीही बरेचसे तिथलेच. कुंडीतलं पान त्याने माणसाएवढं केलं. असं घराजवळचं आणि माजलेलं, ते रान.

प्रश्नकर्ती: पटतंय. पण सातारा-कोल्हापूरचा वाचक 'रानचित्रं' वाचून ऊस आणि बैल शोधेल त्याचं काय?

प्रतिसाद: हो, ते खरं. मथळ्यात 'जंगलचित्रं' म्हणा आणि वर्णनात रान मोकळं सोडा. जाता जाता, त्याच्या 'दुआनिए' या टोपणनावाचं 'कस्टम अधिकारी' करू नका, जरी शब्दशः तसंच होत असलं तरी. तो पॅरिसच्या वेशीवर शहरात येणाऱ्या मालावरचा कर गोळा करणाऱ्या खात्यात होता, १८९३ पर्यंत. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: जकात. मुंबईत २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत ती होतीच, त्यामुळे 'जकातनाक्यावरचा कारकून' म्हटलं की तळटीप लागत नाही.

प्रश्नकर्ती: हे झकास. आणि त्या वादकाला 'गारुडी' चालेल का?

प्रतिसाद: चालेल कशाला, शोभेल. चित्रासोबत रूसोने कविता जोडली होती. तिच्यात वादकाला 'शार्मर' म्हटलंय, म्हणजे मोहिनी घालणारा, आणि साप कान देऊन ऐकतात असंही आहे. मराठीत गारुड्याचा साप आणि मनावरचं गारूड एकाच शब्दात येतं. हातात मात्र पुंगी देऊ नका. चित्रात सरळ, बासरीसारखं वाद्य दिसतं, आणि कवितेतलं 'म्यूझेत' तर पिशवीच्या वाद्याचं नाव. नुसतं 'सुषिर वाद्य', म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य, असं लिहिलंत तर खोटं ठरणार नाही, पण वाचक जांभई देईल. 'बासरीसारखं काहीतरी' लिहा.