मदत हवी आहे: ब्रिटनच्या किनाऱ्यालगतचा रेल्वेप्रवास, डॉलिश, वेल्स की मॅलेग?

पश्चिमवारा

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबा पुण्याहून येत आहेत. दोघंही पासष्टीच्या पुढचे. बाबांना जिने जड जातात, सपाटीवर दोन किलोमीटर आरामात चालतात. आम्ही चौघं, मुक्काम रेडिंगला, गाडी नाही. हातात तीन दिवस, म्हणजे दोन रात्री.

समुद्र खिडकीला लागून दिसेल असा रेल्वेप्रवास हवा आहे. वाचून काढलेली नावं: डेव्हनमधलं डॉलिश, कॉर्नवॉलमधलं सेंट आइव्ह्स, वेल्समधला बारमथचा पूल आणि स्कॉटलंडमधलं मॅलेग. तीन दिवसांत यातलं काय बसेल? कुठल्या बाजूला बसायचं? तिकिटं कशी काढावीत? आई-बाबांसाठी परदेशी पर्यटकांचा पास घ्यावा का?

रूळसोबती

मॅलेग आधी यादीतून काढा. प्रवास फार सुंदर आहे, पण तुमच्या प्रश्नाचं ते उत्तर नाही. ग्लासगो क्वीन स्ट्रीटहून मॅलेगला सव्वापाच तासांच्या आसपास लागतात आणि त्यातला मोठा भाग डोंगर, सरोवरं आणि रॅनोखची ओसाड दलदल यांतून जातो. खुला समुद्र अगदी शेवटी, अरिसेग आणि मोरारच्या आसपास येतो. शिवाय दिवसाला मोजक्याच गाड्या. रेडिंगहून ग्लासगो गाठण्यातच एक दिवस जाईल, परतीला दुसरा. त्यासाठी किमान पाच दिवस राखून ठेवा.

तीन दिवसांत दक्षिण डेव्हन आणि कॉर्नवॉल करा. रेडिंगहून एक्सेटर सेंट डेव्हिड्सला थेट गाड्या आहेत, पावणेदोन ते दोन तास. तिथून न्यूटन ॲबट ३० किलोमीटरच्या आसपास. हा तुकडा रेल्वे अभियंता ब्रुनेलने आखला आणि १८४६ मध्ये सुरू झाला. स्टारक्रॉसला एक्स नदीची खाडी रुळांना भिडते, डॉलिश वॉरनपासून खुला समुद्र सुरू होतो. मग तांबड्या वाळूच्या दगडाचे कडे, पाच छोटे बोगदे आणि टिनमथनंतर टीन नदीची खाडी. एक्सेटरहून जाताना डावीकडे बसा. येताना उजवीकडे. खाडी, समुद्र आणि पुन्हा खाडी, सगळं एकाच बाजूला येतं, त्यामुळे मध्ये जागा बदलायची गरज नाही.

चूक होते ती इथे: लोक लंडनहून थेट कॉर्नवॉलच्या टोकाच्या पेन्झन्सच्या गाडीत बसतात आणि समुद्राचा भाग पंधरा-वीस मिनिटांत सरतो. कुणी डबा उघडून बसलेलं असतं, कुणी डुलकी घेत असतं. त्यापेक्षा एक्सेटरला उतरा आणि पेन्टनकडे जाणारी स्थानिक, सगळीकडे थांबणारी गाडी धरा. डॉलिश वॉरनला उतरून समुद्रभिंतीवरून डॉलिशपर्यंत चालत या. अंतर साधारण अडीच किलोमीटर, जवळजवळ सपाट. बाबांना जास्त वाटलं तर डॉलिशलाच उतरा. तिथे स्टेशनच्या बाहेरच किनारा आहे. गाड्या अगदी शेजारून जातात, आणि रेल्वे बाहेरून बघणं हा या जागेचा निम्मा आनंद आहे.

भरतीओहोटी

वरच्या सल्ल्याला जोडून: डॉलिशला जायच्या आधी भरतीचं वेळापत्रक बघाच. तुमचा आठवडा शरद-संपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याच्या दिवसाच्या, लगेच नंतरचा आहे. त्या सुमारास अमावस्या किंवा पौर्णिमा आली की वर्षातल्या सर्वांत मोठ्या उधाणांपैकी एक येतं. उधाण एकटं असेल तर बिघडत नाही. पूर्वेचा किंवा आग्नेयेचा जोरदार वारा त्याच वेळी आला तर लाटा भिंत ओलांडून रुळांवर येतात. मग समुद्राकडचा रूळ बंद करून दोन्ही दिशांच्या गाड्या आतल्या रुळावरून हळू सोडतात, किंवा काही तास वाहतूक थांबवतात. एका जातीच्या डिझेल गाडीचे ब्रेकचे विद्युत रोधक छतावर असतात, खारं पाणी पडलं की ती बंद पडते. म्हणून अशा हवेत त्या गाड्या एक्सेटरच्या पुढे सोडत नाहीत. फलकावर एक गाडी रद्द आणि दुसरी चालू दिसली तर गोंधळू नका, कारण बहुधा हेच असतं.

फेब्रुवारी २०१४ च्या वादळात इथली भिंत फुटली आणि रूळ हवेत लोंबकळत राहिले. मार्ग ४ एप्रिलला पुन्हा सुरू झाला. त्यानंतर बांधलेली नवी भिंत जुनीपेक्षा अडीच मीटर उंच आहे, काम २०२३ मध्ये संपलं. तरी भिंतीवरून चालायचं ते भरतीच्या आधी-नंतरचे दोन तास सोडून.

पश्चिमवारा

खूप आभार. मग सेंट आइव्ह्स त्याच फेरीत बसेल? आणि वेल्स पूर्ण सोडून द्यावं लागेल का?

रूळसोबती

बसेल. पहिली रात्र एक्सेटर किंवा टिनमथला काढा. दुसऱ्या दिवशी सेंट अर्थपर्यंत मुख्य मार्गाची गाडी, एक्सेटरहून सुमारे तीन तास. प्लिमथ सोडलं की सॉल्टॅशला टेमर नदीवरचा रॉयल अल्बर्ट पूल येतो, ब्रुनेलचाच, १८५९ चा. गाडी अगदी सावकाश जाते. इथेही डावी बाजूच बरी, कारण उजवीकडे मोटाररस्त्याचा पूल आडवा येतो.

सेंट अर्थला गाडी बदलायची. सेंट आइव्ह्सची शाखा सुमारे सात किलोमीटरची, प्रवास दहा-पंधरा मिनिटांचा, बहुतेक वेळ अर्ध्या तासाला एक गाडी. इथे मात्र जाताना उजवीकडे बसा. आधी हेलची खाडी, मग पोर्थकिडनीची वाळू, मग कार्बिस बे. ओहोटीला खाडीत नुसता चिखल आणि पक्षी दिसतात, भरतीला निळं पाणी. चिखलही बघण्यासारखा असतो, पण फोटोतलं दृश्य हवं असेल तर भरतीच्या जवळची गाडी निवडा. सेंट आइव्ह्सचे रस्ते चढ-उताराचे आहेत. स्टेशनापासून बंदराकडे उतार आणि परतताना तोच चढ. बाबांसाठी परतीला टॅक्सी ठरवा, किंवा स्टेशनाखालच्या पोर्थमिन्स्टरच्या किनाऱ्यावरच बसा.

दुसरी रात्र पेन्झन्स. त्याच्या अलीकडे डावीकडे समुद्रातलं सेंट मायकेल्स माउंट हे बेट दिसतं. तिसऱ्या दिवशी पेन्झन्सहून रेडिंग थेट, पाच तासांच्या आत-बाहेर, उजवीकडे बसून.

कडेलोट

वेल्सचं मत मी देतो, कारण माझ्या दृष्टीने किनाऱ्यालगतचा सर्वांत समृद्ध मार्ग तोच आहे. फक्त तो या फेरीत कोंबू नका. त्यालाच तीन दिवस द्या.

रेडिंग ते बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीट, तिथून मॅखंथलेथ आणि पुढे पुथहेली. गाड्या साधारण दोन तासांनी एक. तीन गोष्टी सांभाळा. पहिली, श्रूसबरीला गाडीची दिशा उलटते, डावी खिडकी उजवी होते. दुसरी आणि महत्त्वाची: मॅखंथलेथला गाडीचे दोन भाग होतात. एक ॲबरिस्टविथला जातो, दुसरा पुथहेलीला. चुकीच्या डब्यात बसलात तर दोन तास गेले. बर्मिंगहॅमलाच गार्डला विचारून बसा. घोषणा वेल्शमध्ये आधी होते आणि बारमथचं वेल्श नाव अबरमॉ आहे, हे ध्यानात ठेवा. तिसरी, या मार्गावर रुळांकडेला सिग्नल नाहीत. चालकाला परवानगी केबिनमधल्या पडद्यावर मिळते आणि ती यंत्रणा बसवलेल्या गाड्याच इथे चालतात. एखादी बिघडली की कुठलीही दुसरी आणून लावता येत नाही, बस येते. दिवसाची शेवटची गाडी गृहीत धरून बेत आखू नका.

मॅखंथलेथहून उत्तरेला जाताना डावीकडे बसा: डवीची खाडी, अबरडवी, टाविन आणि मग फ्रिओगचा कडा. तिथे रूळ कड्याच्या कंबरेवर कोरले आहेत, गाडी हळू जाते. दगड कोसळून १८८३ आणि १९३३ मध्ये इथे अपघात झाले, त्यानंतर रुळांवर काँक्रीटचं छप्पर घातलं. बारमथचा पूल १८६७ चा, लाकडी खांबांचा, आठशे मीटरहून लांब. पुलावर आल्यावर उजवीकडे वळा, कारण मॉदाखची खाडी आणि मागचा काडेर इद्रिस डोंगर त्या बाजूला आहे. हार्लेखचा किल्लाही उजवीकडेच.

पुलावर पायवाट आहे. मॉर्वा मॉदाखला उतरून चालत बारमथला येता येतं, सगळं सपाट, बाबांना जमेल. ते विनंती-थांब्याचं स्टेशन आहे: उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगा, चढायचं असेल तर फलाटावरून हात दाखवा.

तिकीटखिडकी

आता पैसे. परदेशी पर्यटकांचा पास ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना मिळत नाही, म्हणजे तो फक्त आई-बाबांना लागू. तीन दिवसांच्या एका फेरीसाठी तो सहसा परवडत नाही. त्यापेक्षा ज्येष्ठांचं रेलकार्ड, म्हणजे सवलतीचं कार्ड, काढा. वय ६० पूर्ण हवं, भारतीय पासपोर्ट चालतो, एक तृतीयांश सूट मिळते. तुमच्या दोघांसाठी 'टू टुगेदर' कार्ड, पण दोघं एकत्र हवेत आणि सोमवार ते शुक्रवार साडेनऊच्या आधी ते चालत नाही.

तीन ते नऊ प्रौढांची 'ग्रुपसेव्ह' सूटही एक तृतीयांशच असते आणि कार्ड लागत नाही. फरक असा की ती ऑफ-पीक (गर्दीची वेळ सोडून चालणाऱ्या) तिकिटांवर मिळते, ॲडव्हान्स (ठरावीक गाडीसाठी आधी काढलेल्या) तिकिटांवर नाही. रेलकार्ड दोन्हींवर चालतं. दोन्ही सवलती एकत्र लागत नाहीत.

ॲडव्हान्स तिकीट त्याच गाडीपुरतं असतं आणि मध्ये उतरता येत नाही. म्हणून रेडिंग ते सेंट अर्थ असं एकच ॲडव्हान्स काढून डॉलिशला उतरायचं ठरवलंत तर फसाल. रेडिंग ते एक्सेटर ॲडव्हान्स, पुढचा स्थानिक तुकडा वेगळा आणि दुसऱ्या दिवशीचं वेगळं, असे तुकडे पाडा. ॲडव्हान्स साधारण बारा आठवडे आधी खुली होतात. आरक्षणात 'खिडकी' लिहिलं असलं तरी समोर खिडकीऐवजी डब्याची भिंत येऊ शकते, म्हणून टेबलाच्या जागा मागा.

बाबांसाठी प्रवासी-साहाय्य नोंदवा. ते मोफत आहे आणि निघण्याच्या दोन तास आधीपर्यंत सांगता येतं. जिथे गाडी बदलायची त्या प्रत्येक स्टेशनचं नाव द्या. नुसतं सुरुवातीचं आणि शेवटचं दिलं तर सेंट अर्थला कुणी येणार नाही.

रविवार टाळा. रुळांची कामं तेव्हाच निघतात आणि वेळापत्रकात गाडीच्या जागी बसचं चिन्ह असतं. बसमधून समुद्र दिसत नाही.

पश्चिमवारा

ठरलं: डेव्हन-कॉर्नवॉल, मंगळवार ते गुरुवार. वेल्स पुढच्या मे महिन्यात. एकच शंका राहिली. पहिल्या दिवशी वारा पूर्वेचा निघाला तर?

भरतीओहोटी

तर दिवस उलटे करा. मंगळवारी सकाळी निघण्याआधी मार्गाची स्थिती बघा. वाहतूक चालू असेल तर न उतरता थेट पेन्झन्स गाठा आणि डॉलिश गुरुवारी परतताना करा. त्यासाठी मुख्य मार्गाची तिकिटं ॲडव्हान्सऐवजी ऑफ-पीक परतीची घ्या, तुम्ही चौघं आहात तेव्हा ग्रुपसेव्ह लावा. मध्ये उतरण्याबद्दलची अट मात्र खिडकीवर विचारून घ्या, ती प्रत्येक तिकिटाला वेगळी असते. राहण्याच्या जागाही रद्द करता येतील अशाच घ्या.