अनुभव धागा: होम, प्रो की आणखी काही? संगणक घेताना कोणते एडिशन निवडले आणि कोठे अडले

धागाकर्ता, भुसावळ

विंडोज १० चे नियमित पाठबळ, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षा-सुधारणा, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि त्याच्या आगेमागे आमच्या भागातील दुकाने, शाळा आणि पतसंस्था यांनी संगणक बदलायला घेतले. दुकानात विंडोजचे "होम देऊ की प्रो?" असा प्रश्न येतो आणि बहुतेक गिऱ्हाईक "जे चांगलं असेल ते द्या" असे सांगून मोकळे होते. खरा घोळ शब्दापासूनच आहे. मराठीत आपण १० आणि ११ यांनाही आवृत्ती म्हणतो, होम आणि प्रो यांनाही आवृत्तीच म्हणतो, आणि ३२-बिट की ६४-बिट (संगणक एका वेळी केवढी माहिती हाताळतो) हा तिसराच प्रश्न त्यात मिसळून टाकतो. म्हणून या धाग्यावर १० व ११ यांना आवृत्ती आणि होम व प्रो यांना एडिशन म्हणावे, अशी विनंती आहे.

एडिशन हे नावावरून किंवा किमतीवरून ठरवायचे नसून, संगणकावर कोणते काम होणार आणि त्याला आधीपासूनची कोणती यंत्रे जोडायची आहेत यावरून ठरवायचे असते, असे माझे स्पष्ट मत आहे. खानदेशातील मंडळींनी आपापला अनुभव सविस्तर लिहावा.

करसल्लागार, जळगाव

आमच्या कार्यालयात चार नवे संगणक आले आणि चारही होम होते, कारण दरपत्रकात सर्वांत कमी आकडा त्यांचाच होता. जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरण्याची २० तारीख जवळ आली की मला रात्री घरून कार्यालयातील संगणक उघडावा लागतो. जुन्या यंत्रावर प्रो असल्यामुळे रिमोट डेस्कटॉपवरून हे काम कित्येक वर्षे बिनबोभाट चालले होते. नव्या यंत्राच्या सेटिंग्जमध्ये मी तीच जागा उघडली, तर चालू-बंद करण्याचे बटण नव्हतेच. होम एडिशनमध्ये ही सोय मिळत नाही, एवढा मजकूर तेथे होता. होममधून दुसऱ्या संगणकात जाता येते, पण बाहेरून होममध्ये येता येत नाही, हा भेद मला १९ तारखेच्या रात्री साडेदहाला कळला आणि तशीच गाडी काढून मी कार्यालय गाठले.

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याने चारही यंत्रे प्रो करून घेण्याचा आग्रह धरला, पण शांतपणे विचार केल्यावर तसे करण्याचे कारण मला दिसले नाही. बाहेरून उघडायचे यंत्र एकच आहे. बाकी तिघांवर टॅली, एक्सेल आणि ब्राउझर चालतो. आमच्याकडे सर्व्हर नाही, त्यामुळे डोमेनला, म्हणजे सर्व्हरवरून सगळे संगणक एकत्र सांभाळणाऱ्या व्यवस्थेला, जोडण्यासाठी प्रो लागण्याचाही प्रश्न नाही. मी एकाच यंत्रासाठी परवाना घेतला. होमवरून प्रोवर जाताना विंडोज नव्याने टाकावे लागत नाही. परवान्याची की (सांकेतिक क्रमांक) भरली, यंत्र पुन्हा सुरू झाले आणि फायली व टॅलीचा डेटा जागच्या जागी होता. रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडा ठेवणे धोक्याचे असल्यामुळे तो आम्ही व्हीपीएनमधूनच (इंटरनेटवरील खासगी, सुरक्षित मार्गातून) वापरतो.

केळी व्यापारी, रावेर

गाडी भरल्यावर वजनाच्या पावत्या, बिले आणि बँकेचे व्यवहार एवढेच माझे काम आहे. होमवर तीन वर्षांत एकदाही अडलेले नाही, त्यामुळे प्रोचे पैसे मी का द्यावेत, याचे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

धागाकर्ता

भाऊ, द्यायला नकोतच. मात्र जळगावच्या ताईंनी परवान्याचा विषय काढलाच आहे, तर एक सांगतो. काही शे रुपयांत प्रोची की देतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. अशा कीज अनेकदा मोठ्या संस्थांना घाऊक दिलेल्या परवान्यांतल्या असतात आणि त्या केव्हाही रद्द होऊ शकतात. माझ्या मेहुण्याच्या यंत्रावर सातव्या महिन्यात विंडोज सक्रिय करण्याची सूचना पुन्हा झळकली, तेव्हा की विकणाऱ्याचा फोन बंद होता.

मुद्रण व्यावसायिक, धुळे

माझी अडचण एडिशनपेक्षा बिटची आहे, पण याच निवडीत ती येते म्हणून लिहितो. आमच्याकडे लग्नपत्रिकांचे काम मोठे आहे आणि मराठी अक्षरजुळणीचे जे जुने सॉफ्टवेअर आम्ही वापरतो, त्याचा इन्स्टॉलर (ते यंत्रावर चढवणारा कार्यक्रम) १६-बिट काळातला आहे. ३२-बिट विंडोजवर तो चालतो; ६४-बिट विंडोजवर १६-बिट कार्यक्रम चालतच नाहीत, मग एडिशन होम असो की प्रो. विंडोज १० पर्यंत ३२-बिट मिळत होते, ११ मात्र केवळ ६४-बिटमध्येच आले. हे ठाऊक नसताना मी ऐन वैशाखात नवे यंत्र आणले आणि जुने कोपऱ्यात ठेवून दिले.

नव्या यंत्रावर पहिली पत्रिका उघडली तेव्हा 'चि. सौ. कां.' च्या जागी इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हे यांची रांग दिसली. जुना फाँट युनिकोड (सर्व यंत्रांवर सारखी चालणारी अक्षरांची प्रमाणित पद्धत) नव्हता; इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवून तो तयार केलेला होता, म्हणून फाँट नसला की खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. फाँटच्या फायली नव्या यंत्रावर नेल्यावर मजकूर वाचता आला, पण जोडाक्षरे जुळवणारे सॉफ्टवेअर चढलेच नाही. दारात वधूचे वडील उभे होते आणि मुहूर्त अकरा दिवसांवर होता. मी जुने यंत्र पुन्हा टेबलावर घेतले, त्याची इंटरनेटची वायर काढून टाकली आणि त्याच दिवसापासून ते केवळ जुन्या फायलींसाठी राखून ठेवले. आता नवीन पत्रिका आम्ही युनिकोडमध्येच करतो आणि जुन्या यंत्रावरून पीडीएफ पेन ड्राइव्हने आणतो. जुना प्रिंटरही तेथेच जोडलेला आहे, कारण ६४-बिट विंडोजला ६४-बिट ड्रायव्हरच (प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर) लागतो आणि माझ्या प्रिंटरला तो मिळाला नाही.

कृषी सेवा केंद्र, चाळीसगाव

आबांना पडद्यावरची सगळी नावे मराठीत हवी होती, म्हणून मी सेटिंग्जमध्ये मराठी भाषा निवडायला गेलो. या परवान्यात पडद्याची एकच भाषा वापरता येते, असे उत्तर मिळाले. आमच्या लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' नावाचे एडिशन होते. खोक्यावर केवळ विंडोज ११ होम असे ठळक छापलेले होते आणि पुढचे दोन शब्द बारीक होते, ते मी वाचले नाहीत. मराठीत टंकलेखन मात्र कोणत्याही एडिशनमध्ये करता येते. इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहेच, शिवाय उच्चारानुसार लिहिण्याचा फोनेटिक कीबोर्डही विंडोजमध्येच मिळतो. आबा आता बियाण्यांच्या आणि खतांच्या नोंदी मराठीत करतात, पण 'सेव्ह' आणि 'प्रिंट' ही बटणे इंग्रजीतच आहेत. ज्यांना पडदाच मराठी हवा असेल, त्यांनी विकत घेण्याआधी एडिशनचे पूर्ण नाव वाचावे, असे कळकळीने सांगतो.

शिक्षिका, शहादा

मुलीच्या पदविका अभ्यासक्रमासाठी लॅपटॉप घेतला आणि महाविद्यालयाने सांगितलेले एकही सॉफ्टवेअर त्यावर चढेना. दुकानदाराने प्रो घ्यावे लागेल असे सांगितले. प्रत्यक्षात तो लॅपटॉप एस मोडमध्ये होता, ज्यात केवळ मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधीलच ॲप चालतात. सेटिंग्जमधील ॲक्टिव्हेशनमधून एस मोड विनामूल्य बंद करता येतो. एकदा बंद केल्यावर परत मात्र जाता येत नाही. पाच मिनिटांत काम झाले आणि एडिशन होमच राहिले.

निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

होममध्ये बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी सोय) नसते असे सर्वत्र लिहिलेले आढळते आणि त्यावर विसंबून मी निश्चिंत राहिलो. होममध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाने तेच कुलूप असते आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा प्रवेश केला की अनेक लॅपटॉपवर ते आपोआप लागते. माझ्या लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलल्यावर पडद्यावर निळ्या रंगात ४८ अंकी रिकव्हरी की मागितली गेली. ती की खात्यात जमा झालेली असते, पण खाते दुकानातील मुलाने स्वतःच्या ईमेलवर उघडून दिले होते आणि तो मुलगा नोकरी सोडून सुरतेला गेला होता. नातीच्या बारशाचे फोटो त्या डिस्कमध्ये होते. चार दिवस शोध घेतल्यावर त्याचा नंबर मिळाला, त्याने तत्परतेने की वाचून दाखवली आणि मी एकेक अंक दोनदा तपासून वहीत उतरवला. नवीन यंत्र घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःच्या खात्याने प्रवेश करावा आणि ती की कागदावर लिहून ठेवावी.

प्राध्यापक, अमळनेर

आमच्या प्रयोगशाळेतील यंत्रे पाचव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरची आहेत. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षा चिप) लागते, त्यामुळे त्यांना तो रस्ता बंदच होता. आम्ही उबुंटू या विनामूल्य लिनक्स प्रणालीकडे वळलो आणि तेथेही निवड चुकलो. जे सर्वांत नवे दिसले ते, म्हणजे २३.१०, सगळ्या यंत्रांवर टाकले. अशा मधल्या आवृत्त्यांना नऊच महिन्यांचे पाठबळ असते, त्यामुळे जुलै २०२४ मध्ये ते संपले आणि प्रयोगशाळा पुन्हा पहिल्यापासून उभी करावी लागली. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणाऱ्या एलटीएस (दीर्घ पाठबळाच्या) आवृत्तीला पाच वर्षांचे पाठबळ मिळते. आता सर्व यंत्रांवर २४.०४ एलटीएस आहे. ज्या दोन यंत्रांत केवळ ४ जीबी रॅम आहे, त्यांच्यावर लिनक्स मिंट या दुसऱ्या प्रणालीचे एक्सएफसीई हे हलके एडिशन टाकले. तेच मिंट सिनॅमन या जड एडिशनमध्ये त्या यंत्रांवर अडखळत होते.

धुळ्याच्या भाऊंना एक विचारतो. त्या जुन्या यंत्राची हार्ड डिस्क बंद पडली तर काय करणार? तिची पूर्ण प्रतिमा (जशीच्या तशी नक्कल) दुसऱ्या डिस्कवर घेऊन ठेवा. क्लोनझिला नावाचे विनामूल्य साधन त्यासाठी आहे.

मुद्रण व्यावसायिक, धुळे

सर, तो विचार मी केलेलाच नव्हता. डिस्क ३२० जीबीची आहे. रविवारी दुकान बंद असते, तेव्हा करून पाहतो आणि काय झाले ते येथेच लिहितो.