तातडीने मदत हवी: मुलासाठी घर बदलायचं का?

देवनारची_आई:
मिस्टरांना गेल्या महिन्यात अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली. सासरेही हार्टनेच गेले. आम्ही देवनारला राहतो, समोर टॉवरचं काम चालू आहे. खिडकीची कड दिवसातून दोनदा पुसते तरी बोट काळं होतं. मुलालाही हे होणार का? हवेमुळे होतं की घराण्यातून येतं? बदलापूरला बहिणीच्या शेजारी फ्लॅट मिळतोय. भाडेकरार संपत आलाय, रविवारपर्यंत घरमालकाला कळवायचंय. लवकर सांगा.

परळकर:
मुलगा केवढा आहे? मिस्टरांचं, सासऱ्यांचं वय? सिगारेट? कोलेस्टेरॉल किती?

देवनारची_आई:
वयाचं काय घेऊन बसलात, मी हवेबद्दल विचारतेय.

निळी_छत्री:
ताई, सरळ एअर प्युरिफायर घ्या, हेपा फिल्टरवाला. माझ्या मुलीचा खोकला तीन आठवड्यांत गेला.

लॅबवाली_मावशी:
खोकल्याचं कुणी विचारलेलं नाही. ताई, वय सांगाच. पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत हार्टचा त्रास झाला तर घराण्याकडे बघावंच लागतं.

देवनारची_आई:
हे ४१ चे. सासरे ४६ व्या वर्षी गेले. दोघांनाही कसलं व्यसन नाही. मुलगा ९ वर्षांचा, अगदी धडधाकट, रोज फुटबॉल खेळतो.

लॅबवाली_मावशी:
मग घर नंतर, आधी मुलाचं लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी. फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया नावाचा आनुवंशिक दोष असतो, साधारण २५० माणसांत एकाला. आईवडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, जन्मापासूनच जास्त असतं आणि पोर मात्र ठणठणीत दिसतं. असं घराणं असताना लहान मुलाचं एलडीएल १६० च्या वर आलं तर डॉक्टर या दोषाचा विचार करतात. गरज पडली तर आठ-दहा वर्षांपासून गोळीही सुरू करतात. सोबत लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण, बघायचं का, तेही विचारा. तेही बरंचसं जन्मजातच ठरतं.

माहूलचा_जुना:
म्हणजे हवेचा काही दोष नाही? मी या भागात वीस वर्षं काढलीत. पीएम २.५ म्हणजे हवेतले अतिबारीक कण फुफ्फुसात खोल जातात, शरीरात दाह वाढतो, रक्तवाहिन्यांना इजा होते. त्यांची जागतिक आरोग्य संघटनेची वर्षाच्या सरासरीची मर्यादा घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम, आपल्याकडची ४०. मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात.

लॅबवाली_मावशी:
दोष नाही असं मी कुठे म्हटलं? रक्तवाहिनी आधीच कोलेस्टेरॉलने त्रासलेली असेल, तर अशा मुलाला वाईट हवेपासून जास्तच जपायला हवं. पण तपासणी दोन दिवसांत होते, घर दोन दिवसांत बदलत नाही.

कल्याण_फास्ट:
बदलापूरलाही एमआयडीसी आहे. मिस्टरांचं ऑफिस कुठे? नुकती अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला सकाळच्या लोकलमध्ये लोटणार का?

देवनारची_आई:
फोर्टला. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

रिडेव्हलपमेंट_ग्रस्त:
अवांतर: समोरच्या टॉवरमध्ये वन बीएचके कितीला जातोय?

परळकर:
कृपया इथे नको. ताई, टॉवर ७० मीटरहून उंच असेल तर भोवती ३५ फुटी पत्रे हवेत, महापालिकेचे २०२३ चे नियम आहेत. नसतील तर फोटो काढून वॉर्ड ऑफिसला लेखी तक्रार द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा जास्त कोंडते, तेव्हा ज्या दिवशी हवा खराब असेल त्या दिवशी फुटबॉल घरातल्या खेळावर न्या. खेळ कायमचा बंद करू नका, हृदयाला तोही लागतोच.

निळी_छत्री:
आणि घरात मच्छर अगरबत्ती, धूप बंद. त्याचेही बारीक कण असतात. प्युरिफायरचं मी अजूनही म्हणेन, निदान मुलाच्या झोपायच्या खोलीत लावा.

देवनारची_आई:
फाइल काढली. अटॅकच्या वेळचा यांचा एलडीएल २३८. कोणी काही बोललंच नव्हतं. शनिवारी मुलाला नेते. उपाशी न्यावं लागतं का?

लॅबवाली_मावशी:
पहिल्या तपासणीला बहुतेक वेळा उपाशी नसलं तरी चालतं, लॅबला फोन करून घ्या. २३८ हा आकडा मिस्टरांच्या डॉक्टरांना दाखवून घराण्याचं नक्की विचारा. आणि मिस्टरांना भाऊ-बहीण आहेत का? त्यांची आणि त्यांच्या मुलांचीही तपासणी व्हायला हवी.

देवनारची_आई:
एक नणंद आहे विरारला, दोन मुली आहेत तिला. आत्ताच फोन लावते. घरमालकाला आणखी अकरा महिने सांगते.